वीस बाळंतपणं

धुळ्याच्या आमच्या आरोग्यसेविका शाळेची मान्यता टिकायची, तर प्रत्येक मुलीच्या वहीत तिनं स्वतः केलेली वीस बाळंतपणं हवी होती. होती सहा-सात. सोमवारी तपासणी समिती येणार, म्हणून प्राचार्याबाईंनी मला शिरपूरकडच्या उपकेंद्रातून बाळंतपणांच्या रजिस्टरसह बोलावलं.

"तुझ्याकडची नावं मुली उतरवून घेतील," त्या म्हणाल्या. "शाळेनं तुला उभं केलं, विमल. एवढं तरी कर."

"त्यापेक्षा मुदत मागा. मुलींना माझ्याकडे पाठवा, मी शिकवते."

"तुमचं झालं ना ताई?" शेवटच्या वर्षाची मंदा फणकारली. "मग आमच्या आड कशाला येता?"

मी रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. "ही दिवालीबाई. बाळ पायाळू होतं. इथे शिकताना माझ्या वहीतही वीस होती, त्यातली चौदा उतरवलेली. काय करायचं ते मला कळलं नाही. बाळ गेलं."

मंदानं पेनचं टोपण काढलं. "नुसतं नाव लिहू, की बाळ गेलं तेही?"

मी रजिस्टर मिटलं.

"मान्यता गेली, तर सगळ्यांना तुझं नाव सांगेन," बाई म्हणाल्या.

"सांगा," म्हणून मी रजिस्टर घेऊन स्टँडकडे निघाले.