तिसरा चौकोन

मी एक ॲप आहे आणि जरा घाईत बोलतोय. बॅटरी नऊ टक्क्यांवर आलीय. भीतीने माझी पाचावर धारण बसलीय, तेव्हा काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर झाला. या घरातले बाबा शिंपी. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, अक्षरंही लागेनाशी झाली. तेव्हा मुलीने कागदाचे तीन चौकोन कापून त्यांच्यापुढे मांडले. आधी, मग, शेवटी. प्रत्येकात एक फोटो ठेवला की झाली गोष्ट. तेच तिने फोनात आणलं, पण सुरुवातीला मला सात बटणं होती. बाबांनी वैतागून फोन उशीखाली कोंबला. मग तिने एकेक बटण उसवून काढलं.

पुसायचं बटण तर ठेवलंच नाही. 'नक्की पुसायचं का?' असं विचारलं, की बाबा 'हो' म्हणून मान हलवणार. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. 'उद्या मिळेल ना?' म्हटलं की हो. गोष्टीही तिने फक्त याच फोनात ठेवल्या, घरातलं घरात म्हणून. आज एकशे ब्याऐंशी आहेत. त्यातल्या साठेक गोष्टींत आई आहे. ती गेल्याला दोन वर्षं झाली.

आज सकाळी मुलगा नवा फोन घेऊन आला. पोरगा मायाळू, पण भारी उतावळा.

"बाबा, जुना फोन पुसून देऊन टाकतो. चालेल ना?"

बाबांनी मान हलवली. अहो, मला ओरडता आलं असतं तर!

पण फोन पुसायलाही चार्जिंग लागतं म्हणे. मुलगा चार्जर शोधायला आत गेला, तसं बाबांनी मला डाव्या हाताने ओढलं. पहिल्या चौकोनात त्यांनी शिवणयंत्रावर बसलेली आई ठेवली. दुसऱ्यात, चार्जर घेऊन येणाऱ्या मुलाचा फोटो काढला. तिसऱ्यासाठी त्यांनी कॅमेऱ्यावर अंगठा दाबून धरला. नुसता काळा चौकोन.

मुलाने फोन हातात घेऊन तिन्ही चौकोन पाहिले.

"आई यात आहे?"

बाबांनी मान हलवली. पण ती तर ते नेहमीच हलवतात! माझा जीव टांगणीला लागला. मग मुलाने स्वतःच एकेक गोष्ट उघडली. त्याने बहिणीला फोन केला. "ताई, मी काही पुसत नाही. तू लवकर ये."

ती निघालीय. सगळं कसं बाहेर काढायचं ते तिलाच ठाऊक. पण चार्जरची पिन सैल आहे, नऊचे सहा झालेत, आणि हा फोन एकदा बंद पडला की पुन्हा सुरू होईलच असं नाही, असं दुकानदार मागेच म्हणाला होता. मुलगा पिन बोटाने दाबून बसलाय. बाबा त्याच्या बोटाकडे बघतायत.

माझं काय व्हायचं ते होऊ दे, आईला तेवढं बाहेर काढा. आणि बाबांना पुन्हा 'चालेल ना?' विचारू नका. तीन चौकोन पुढे ठेवा, आणि तिसरा भरेपर्यंत थांबा.