क्रम्पला आणायचा की नाही

दुपारचं जेवण झालं, की नॉर्बर्ट पावलाक "गॅरेजमध्ये जरा काम आहे" म्हणून उठायचा. काम कसलं बोडक्याचं! घडीची खुर्ची उघडायची, रेडिओ लावायचा आणि अमेरिकन फुटबॉलच्या कार्यक्रमाला फोन करायचा. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून अख्ख्या बफेलो शहरात "बोला, तुमचं काय मत?" असं त्याला विचारणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे रेडिओवरचा डेनी. "आले का चीकटोवागाचे नॉर्ब! बोला नॉर्ब!" एवढं डेनी म्हणाला, की गड्याचा दिवस सार्थकी लागायचा.

त्या ऑक्टोबरात गावाला एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. लाव्हेल क्रम्पला आणायचा की नाही? क्रम्प हा दुसऱ्या टीमचा धिप्पाड गडी. समोरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, फेकायला हात उचलतो न उचलतो, तोच अंगावर धावून जाऊन त्याला भुईसपाट करायचा, हे त्याचं काम. तो मिळत होता. पण त्याची टीम बदल्यात आपले दोन वर्षांचे पहिले हक्क मागत होती, म्हणजे कॉलेजातली चांगली पोरं आपल्याआधी ते उचलणार. वर क्रम्पचा पगार ऐकून डोळे पांढरे व्हायचे. न्हाव्याकडे जा, चर्चमध्ये जा, शुक्रवारी तळलेले मासे खायला जा, दुसरा विषयच नाही.

"आणायलाच पाहिजे!" नॉर्बर्ट फोनवर गरजला. "दर जानेवारीला बाद फेरीत आपण का हरतो डेनी? समोरचा क्वार्टरबॅक बसची वाट बघत असल्यासारखा उभा असतो! सँडविच काढून खाईल निवांत! पोरं काय, पुढेही मिळतील. मला मरायच्या आधी एकदा करंडक बघायचाय."

फोन ठेवून त्याने रेडिओ मोठा केला. बोलून झाल्यावर लोक काय म्हणतात ते ऐकायची त्याला भारी हौस.

"मी स्लोनहून मेरी बोलतेय," रेडिओतून एका बाईचा आवाज आला. "रोज ऐकते, फोन पहिल्यांदाच करतेय. आत्ता जे गृहस्थ बोलले ना, त्यांचा आवाज मोठा आहे, बाकी आनंदच आहे. अहो, क्रम्पची मांडी दोनदा दुखावलीय. आणि आपली उजवी बाजू बघा! क्वार्टरबॅकला जपायचं काम ज्याचं, तो तिथला गार्ड समोरच्यांना दरवाजा उघडून 'या, बसा' म्हणतो. आपल्याच क्वार्टरबॅकला रोज मार बसतोय. दुसऱ्याचा पाडायला माणूस आणाल, पण आपला पडतो त्याचं काय?"

"कोण गं तू टिकोजीराव?" नॉर्बर्ट रेडिओवर खेकसला.

त्या दिवसापासून नॉर्बने फोन ठेवला, की मेरीचा आलाच म्हणून समजा. त्याने म्हणावं पूर्व, तिने म्हणावं पश्चिम. नॉर्बर्टला जेवण गोड लागेना. एका दुपारी तर तिने कमालच केली.

"माझ्या नवऱ्याने एकदा बर्फ उडवायचं महागडं यंत्र आणलं," मेरी सांगत होती. "तेव्हा आमचं छप्पर गळत होतं. यंत्र त्याने सगळ्या गल्लीला दाखवलं, बादल्या मात्र मी उचलल्या. क्रम्पचं तसंच होणार, लिहून ठेवा."

डेनी खो खो हसला. नॉर्बर्टला मात्र राहवलं नाही. त्याने पुन्हा फोन लावला.

"डेनी, त्या बाईंना सांग, तुमचा नवरा शहाणा आहे! मीसुद्धा घेतलंय तसलं यंत्र. गल्लीत एवढं भारी कोणाकडे नाही. असल्या माणसांच्या हातात टीम द्यायला पाहिजे!"

हे बोलताना ते यंत्र त्याच्या मागेच, चादर पांघरून उभं होतं. आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षांचा संसार केलेल्या माणसाला बायकोचा आवाज ओळखू येऊ नये? नाहीच आला. 'मेरी' हे नाव खोटं आणि स्लोन हे गावही खोटं, हे त्याला काय ठाऊक! लोरेटाचं चार शब्दांपेक्षा लांब वाक्य त्याने कित्येक वर्षांत ऐकलंच नव्हतं, कारण पाचव्या शब्दाला हाच सुरू व्हायचा. त्यातून फोनवर तिचा आवाज चर्चच्या कचेरीत बोलल्यासारखा गोड व्हायचा. आणि नॉर्बर्टला वाटायचं, ती बिचारी खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात पिएरोगी भरत बसलीय, तिला फुटबॉलमधलं काय कळतंय?

डेनी पक्का बेरकी. त्याने दोघांची जुंपायची ठरवली. शुक्रवारी दोघं एकाच वेळी फोनवर येणार, भांडणार, आणि जो जिंकेल त्याने रविवारच्या सामन्याआधी स्टुडिओत डेनीच्या शेजारी कानाला हेडफोन लावून तासभर बोलायचं. नॉर्बर्टला रात्रभर झोप आली नाही. स्टुडिओतली ती खुर्ची! अख्खं गाव तासभर ऐकणार, मध्ये कोणी फोन कापणार नाही. आयुष्यात दुसरं काही नको होतं त्याला.

शुक्रवार उजाडला. "रेडिओ बंद केलेत ना दोघांनी?" डेनीने विचारलं. रेडिओवर सगळं थोडं उशिराने वाजतं, त्यामुळे गोंधळ होतो. "केला, केला," नॉर्बर्ट म्हणाला, आणि बारीक आवाजात चालूच ठेवला. स्वतःचा आवाज ऐकायचा मोह त्याला सुटेना.

जुंपली. नॉर्बने क्रम्पने पाडलेल्या क्वार्टरबॅकांची यादी घडाघडा म्हटली. मेरीने क्रम्प कोणकोणत्या सामन्यांना बाकावर बसला होता ते घडाघडा म्हटलं. नॉर्ब म्हणाला, "बाई, हिंमत लागते!" मेरी म्हणाली, "हिंमत आहे हो, गार्ड नाहीये!" डेनी खुशीत टाळ्या पिटत होता.

"आता शेवटचं," डेनी म्हणाला. "नॉर्ब, एका वाक्यात सांगा, आणि जिंकून टाका!"

नॉर्बर्टने ते वाक्य आठवडाभर घोटून ठेवलं होतं. तो तोंड उघडणार, एवढ्यात दारात पोस्टमन आला आणि घरचं किश्का नावाचं कुत्रं भुंकलं. खाली तळघरात भुंकलं. त्याच क्षणी फोनमध्येही भुंकलं.

"किश्का, गप बस!" मेरी फोनवर ओरडली. ते खालून तळघरातूनही ऐकू आलं.

मग थोड्या वेळाने रेडिओतही किश्का भुंकलं आणि रेडिओतही ओरडा खाऊन गप बसलं.

नॉर्बर्टने मागे वळून चादरीखालच्या यंत्राकडे बघितलं. मग छपराकडे बघितलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या.

"नॉर्ब? आहात ना लाइनवर?" डेनी घाबरला. हा माणूस आजवर कधी थांबलाच नव्हता.

"आहे," नॉर्बर्ट म्हणाला. "बाई, एक विचारू? एवढं सगळं तुम्हाला कळतं, तर नवऱ्याला घरी का नाही सांगत?"



"त्याने कधी विचारलं नाही," ती म्हणाली. कचेरीतला आवाज गेला होता. "चाळीस वर्षं दर रविवारी तो मला फर्स्ट डाऊन म्हणजे काय, ही खेळाची बाराखडी, समजावून सांगतो."

"आणि तुम्ही ऐकून घेता?"

"समजावताना तो फार खूश असतो हो."

नॉर्बर्टला एकदम भरून आलं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा इतका अभिमान वाटला, की ते घोटलेलं वाक्य तो पार विसरला.

"डेनी," तो म्हणाला, "त्यांना बोलाव रविवारी. त्यांचं बरोबर आहे. उजवी बाजू खरंच भुसभुशीत आहे." आणि डेनी "अहो नॉर्ब, अहो!" म्हणत असताना त्याने फोन ठेवून दिला.

जिना उतरून तो तळघरात गेला. लोरेटा टेबलाशी बसून पिएरोगीच्या कडा दाबत होती. आपल्या करंजीसारखंच काम, आत बटाटा नि चीज. फोन पिठात पालथा पडला होता. किश्का टेबलाखाली साळसूदपणे बसलं होतं.

"झालं का गॅरेजमधलं काम?" तिने मान वर न करता विचारलं.

"झालं."

तो समोर बसला. एक काटा उचलून तोही कडा दाबायला लागला. वाकड्यातिकड्या होत होत्या. वर गॅरेजमध्ये रेडिओ चालूच होता. क्रम्पचं काय ठरलं ते डेनी घसा फाडून सांगत होता, आणि गॅरेजात ऐकायला बर्फाच्या यंत्राशिवाय कोणी नव्हतं.

"लोरेटा," नॉर्बर्ट म्हणाला, "त्या उजव्या बाजूचं काय करावं? तुझं काय मत?"

तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग खुर्ची पुढे ओढली.

"हे बघ, पहिली गोष्ट म्हणजे..."

पाचव्या शब्दाला नॉर्बर्टचं तोंड आपोआप उघडलं. त्याने घाईघाईने ताटलीत नुकताच उकडून ठेवलेला एक गरम पिएरोगी उचलून त्यात कोंबला. जीभ सणकून भाजली, डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड त्याने मिटूनच ठेवलं.