सहाव्या शुक्रवारचं सूप

वाटीच्या बुडाला चार मिलिमीटरचं भोक होतं. बोट काढलं की सूपची धार सुटायची, आणि धार तुटून पहिला थेंब वेगळा पडेपर्यंत किती सेकंद लागले ते ती मोजायची. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी बावीस लागले होते. आज, सहाव्या शुक्रवारी, सत्तर. डॉक्टरांनी सांगितलं होतं तितकं घट्ट. तिने घड्याळ बंद केलं, वाटी धुतली आणि गॅस बारीक केला.

वाटी रंगाच्या कारखान्यातली. तिथल्या चाचणीच्या खोलीत ती सोळा वर्षं हेच करत आली होती: रंग भरायचा, बोट काढायचं, आकडा लिहायचा. एक नवीकोरी वाटी कडेला पोचा होता म्हणून बाद झाली, ती साहेबांना विचारून तिने आणली होती. चर्चमध्ये तिला सगळे मोजणीबाईच म्हणत.

उपवासकाळातल्या दर शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये नुसतं सूप आणि पाव असे. जेवणाचे जे पैसे वाचतील ते दाराजवळच्या डब्यात टाकायचे, आणि तो डबा अंगणापलीकडच्या आजारी मुलांच्या घराला जाई. शिवाय जुना नेम असा, की मुलं जे खातील तेच हॉलने खायचं. एकच पातेलं, आधी मुलांची किटली भरायची, मग मोठ्यांना वाढायचं.

तिची नऊ वर्षांची मुंगी त्याच घरात होती. लहानपणी सांडलेली साखर बोटाने टिपून खायची, म्हणून मुंगी. तिच्या अंगातली ताकद पायांपासून जात जात आता घशाशी आली होती. पातळ काही दिलं की श्वासात जायचं. म्हणून तिच्यापुरतं सूप लहान भांड्यात काढून, कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करायचं. ते भरवायला मात्र तिने दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नव्हता. सकाळी कारखान्यात जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर, रोज, चमच्या-चमच्याने.

आज सकाळी मुलांच्या घरातल्या मोठ्या सिस्टरने तिला जिन्यातच गाठलं होतं.

"डॉक्टर सोमवारी परत विचारणार. पोटात नळी बसवायची की नाही?"

"हा शुक्रवार होऊ दे, सिस्टर. मग सांगते."

"अगं, हे तू पाच शुक्रवार म्हणतेयस."

"नळी बसली की तोंडाने खाणं संपलं ना?"

"संपलं. आणि ऑपरेशनमध्ये धोकाही आहे, तो काही मी लपवत नाही. पण छातीत एकदा कफ भरून झालाय. दुसऱ्यांदा ती निभावेल असं मला वाटत नाही."

तिने मान हलवली होती आणि जिना उतरली होती. नवरा बोटीवर नोकरीला. फोनवर तो एवढंच म्हणे, "तू तिथे आहेस, तूच ठरव." सासूबाई म्हणत, "आईच्या हातचा घास तोडू नकोस गं." दिवसभर कारखान्यात तिने तीन आकडे चुकीच्या रकान्यात लिहिले.

साडेसहाला हॉल भरला. चाळीसेक माणसं. फादरांनी प्रार्थना म्हटली, वाडगे फिरले, आणि मग हॉल गप्प झाला. दर शुक्रवारी थोडी तरी कुजबुज असे. आज चमच्यांचाही आवाज नीट येत नव्हता. फादर प्रत्येक घोटावर पाणी पीत होते. भक्ती वाढली असेल, असं वाटून ती पाव कापत राहिली.

कोपऱ्यातल्या शिंपीकाकांनी चमचा उभा केला. तो उभाच राहिला. ते शेजारी बसलेल्या शाळेच्या मास्तरीणबाईंकडे वळले.

"मास्तरीणबाई, आज उपवास कुणाचा? पोटाचा की घशाचा?"

"प्रायश्चित्त आहे, काका. मुकाट्याने गिळा."

"गिळतोय की. पण माझ्या कांजीने कॉलर कडक होतात, ती याहून पातळ असते."

तिने सुरी ठेवली. वळून पाहिलं. मुंगीचं लहान भांडं मांडणीवर उपडं होतं, कोरडं. सकाळपासून मन ठिकाणावर नव्हतं. मुंगीच्या मापाचं सूप तिने सगळ्या हॉलसाठी केलं होतं. आणि आज गुड फ्रायडेआधीचा शेवटचा शुक्रवार, म्हणून उपवास जास्त कठीण असणार, असं समजून चाळीस माणसं तोंडातून ब्र न काढता खात होती.

तिने स्वतःसाठी वाडगाभर घेतलं. पहिला चमचा जिभेवर बसला तो हलेना. मागे ढकलायला मान पुढे काढावी लागली. चौथ्या चमच्याला कानाखाली दुखायला लागलं. सहा आठवडे ती आकडे मोजत होती. चव घेण्यापुरतं सोडलं तर एकदाही तिने हे खाल्लं नव्हतं.

समोर चाळीस गळे वर जात होते, थांबत होते, खाली येत होते. धडधाकट माणसांचे गळे. शिंपीकाकांनी वाडगा अर्ध्यावरच बाजूला सारला. "पुरे," ते म्हणाले. "भूक आहे हो, पण दमलो."

मुंगी पाचव्या चमच्याला म्हणायची, "पुरे." आणि ती म्हणायची, "एक अजून, माझ्यासाठी." मग मुंगी डोळे मिटून तोंड उघडायची. त्यानंतर घामाने भिजलेलं कपाळ पुसताना तिला समाधान वाटायचं, आज नऊ गेले, आज दहा.

अंगणाच्या दारातून मोठी सिस्टर रिकामी किटली घेऊन आली. "मोजणीबाई, आज काय झालं होतं? बाकीच्या पोरांचं आम्ही गरम पाणी घालून सारखं केलं. मुंगीचं तसंच ठेवलंय. वाट बघतेय ती तुझी."

"सिस्टर, पहिल्या शुक्रवारीच हो म्हटलं असतं, तर?"

सिस्टरने किटली टेबलावर ठेवली. खोटं बोलणं तिला जमत नसे.

"तेव्हा छाती बरी होती तिची. धोका कमी होता."

"आता जास्त आहे."

"आता जास्त आहे."

तिने वाडग्यात पाहिलं. सूपवर साय धरली होती, आणि तिच्या चमच्याची खूण भरून आली नव्हती. मागे कुणीतरी खोकलं, पाणी मागितलं.

"आज तिला भरवणार नाही मी," ती म्हणाली. आवाज हॉलभर जाईल इतका मोठा होता, ते तिच्या लक्षात आलं नाही. "सोमवारपर्यंत थांबू नका. डॉक्टरांना आत्ताच कळवा. नळी बसवा."