कोतवालाचं फिल्लम

रुचिराने व्हीसीआरच्या तोंडात दोन बोटं घातली आणि अडकलेली फीत हलकेच ओढली. फीत आली, पण लांबतच गेली आणि तिच्या मांडीवर काळा गुंतवळ साचला. शेजारी तिचा नवरा गिरीधर स्क्रूड्रायव्हर घेऊन उकिडवा बसला होता. सासूबाई, अन्नपूर्णाबाई, सोफ्याच्या कडेला पदर सावरून बसल्या होत्या आणि सिनेमा थांबलाच नाही अशा चेहऱ्याने रिकाम्या पडद्याकडे बघत होत्या.

"गिरी, बास झालं आता ह्या कॅसेटचं," रुचिरा म्हणाली. "मी ह्याची डिस्क शोधते कुठेतरी."

आरामखुर्चीतून सासऱ्यांनी, वेंकटरमणांनी, हात वर केला. तळवा जमिनीकडे, बोटं पसरलेली. मग तो हात हवेत सावकाश डावीकडून उजवीकडे फिरला.

"म्हणजे काय?"

"मशीन चालू हाय, कोणी हात लावूं नका," गिरीधर हसला. "टर्बाइनची खूण ती."

वेंकटरमणांची सगळी नोकरी तमिळ मुलुखातल्या एन्नोरच्या वीजकेंद्रात, टर्बाइनच्या हॉलमध्ये गेली होती. तिथल्या आवाजात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून माणसं हातांनी बोलत. ती सवय घेऊनच ते रोज बीच स्टेशनला गाडी बदलून घरी येत, आणि निवृत्तीनंतर ती कायमची नुंगंबाक्कमच्या ह्या फ्लॅटमध्ये राहायला आली. अंगठा आणि तर्जनी जुळली की मीठ कमी. मूठ वळली की पुरे. कपाळाला बोट लागलं की चष्मा कुठे आहे. लग्न होऊन आली तेव्हा रुचिराला वाटलं होतं, आपलं काहीतरी चुकलंय आणि सासऱ्यांनी अबोला धरलाय. साताऱ्याला तिच्या माहेरी एका वेळी चौघं बोलायचे, ऐकायला पाचवा शोधावा लागायचा. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथे शब्दांचीच वानवा होती.

अपवाद फक्त रविवारच्या दुपारचा. जेवणं आटोपली, की ही जुनी कॅसेट लागायची. घोडे, धूळ, पिस्तुलं, लाकडी फळ्यांचं गाव, आणि त्या गावात नेमून आलेला एक आंधळट शेरीफ. चष्मा फुटलेला, नवा मिळत नाही, आणि हे कुणाला कळता कामा नये. समोरच्याने पिस्तूल रोखलंय हेच ह्याला दिसत नाही, म्हणून हा डगमगत नाही, आणि गाव म्हणतं, काय धैर्य! इंग्रजी सिनेमा, अन्नपूर्णाबाईंना इंग्रजी येत नाही. म्हणून टीव्हीचा आवाज बारीक करून वेंकटरमण तो सिनेमा सांगत. घराण्यात चालत आलेल्या तंजावरच्या जुन्या मराठीत, घसा साफ करून, सगळ्यांचे आवाज काढून. त्यांच्या तोंडी शेरीफचा कोतवाल झाला होता आणि घरात सिनेमाचं नाव पडलं होतं कोतवालाचं फिल्लम.

हा कोतवाल एकदा रस्त्यात उभ्या घोड्यालाच न्यायाधीश समजतो आणि टोपी काढून अदबीने वाकतो. पडद्यावर तो एवढंच म्हणतो की नमस्कार, न्यायाधीशसाहेब. वेंकटरमणांचा कोतवाल मात्र म्हणायचा, "साहेब, प्रकृती बहु उतरली तुमची. दाणापाणी वेळेवर घेतां कीं नाहीं?" खानावळ चालवणारी एक विधवा असते, तिला कोतवालाचं गुपित ठाऊक असतं. ती खोकून खोकून त्याला वाट दाखवते. तिला ह्यांनी कोतवालाची सख्खी बहीण करून टाकलं होतं, कारण तेव्हा घरात त्यांची आई होती आणि गिरीधर लहान होता. शेवटी ती दोघं मिठीत येत तेव्हा वेंकटरमण उठून चित्र नीट करायच्या मिषाने टीव्हीसमोर उभे राहत आणि पाठमोरेच सांगत, "भाऊबीज झाली." गिरीधरला कॉलेजात जाईपर्यंत ते खरं वाटत होतं.

सांगताना ते सावकाश सांगत. पडद्यावरचं वाक्य संपून जाई, घोडाही निघून जाई, तेव्हा कुठे ह्यांचा कोतवाल तोंड उघडी. वय झालं, असं रुचिरा मनात म्हणे. आणि दर रविवारी तिला सासूबाईंची दया येई. बिचाऱ्या! इतकी वर्षं दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताहेत.

तिने डिस्क शोधलीच. बर्मा बाजारातल्या एका दुकानदाराने महिनाभर आज या, उद्या या करून शेवटी आणून दिली. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ, आणि दुधात साखर म्हणजे मूळ इंग्रजीबरोबर तमिळ डबिंगसुद्धा. अन्नपूर्णाबाईंचं तमिळ तर भाजीवाल्यालाही घाबरवणारं. ह्या घरात आपण पाहुणी नाही, असं रुचिराला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

रविवारी तिने स्वतः डिस्क लावली. वेंकटरमणांनी नेहमीसारखा घसा साफ केला. कोतवाल घोड्यावरून गावात शिरला, आणि ते बोलणार एवढ्यात टीव्हीच खणखणीत तमिळमध्ये बोलू लागला. त्यांचं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. पुढच्या वाक्याला त्यांनी पुन्हा सुरुवात करून पाहिली, पण पडद्यावरची माणसं कुणाची वाट बघायला तयार नव्हती.

"अप्पा, पाहा!" गिरीधर मांडीवर थाप मारून हसला. "तुमची बहीण त्याला अत्तान म्हणते, नवऱ्याला म्हणतात तसं! ह्या तमिळवाल्यांनी लग्नच लावलं की त्यांचं."

वेंकटरमणही हसले. मग त्यांनी मूठ वळली, पुरे, आणि उठून बाल्कनीत गेले. तिथे वाळत घातलेले टॉवेल त्यांनी उगाच सरळ केले.

अन्नपूर्णाबाईंनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. घोड्याच्या वेळी त्या हसल्या नाहीत, खोकल्याच्या वेळीही नाहीत.

"आवडला ना, अम्मा?" रुचिराने विचारलं.

"बरं होतं," त्या म्हणाल्या आणि कॉफीचं डिकॉक्शन घालायला स्वयंपाकघरात गेल्या.

त्यानंतरचा आठवडा फार शांत गेला. तशी शांतता रोजचीच होती, पण आधी ती रविवारच्या वाटेवरची असायची, आणि आता तिला पुढे काहीच नव्हतं. वेंकटरमण खुणासुद्धा कमी करू लागले. सांबारात मीठ जास्त झालं त्या दिवशी ते तसंच जेवले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे रुचिराला कळत होतं. पण गणपतीत बिघडलं काय, ते कळत नव्हतं.

शेवटी तिने स्वयंपाकघरातच विषय काढला. अन्नपूर्णाबाई शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या.

"अम्मा, माझं चुकलं का? मला वाटलं, तुम्हाला एकदा तरी अख्खा सिनेमा कळावा."

"मला कळायचं राहिलं होतं कोठें?"

अन्नपूर्णाबाईंनी शेंगेची शीर ओढली आणि बाजूला ठेवली.

"गिरी शाळेंत गेला, त्याचा अभ्यास कोण घेणार? हे पहाटे जायचे. त्याचं पुस्तक मीच धरून बसत होतें. तो एक धडा शिकला की मी एक. तो सातवीला गेला तोंवर त्या फिल्लमातलं अस्कं, शब्द न् शब्द, कळूं लागलं मला. ती बहीण नव्हे, तेंही कळलं." त्या गालात हसल्या. "म्हटलं, असूं दे बहीण."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"सांगितलं असतं, तर त्यांनी मला काय सांगितलं असतं?"

गॅसवर डाळ रटरटत होती. अन्नपूर्णाबाईंनी उठून तिच्याखालची आच कमी केली.

"लग्न होऊन आलें, तेव्हां ह्यांचे हातच पाहिले मी. एक दिवस धीर करून सासूला विचारलें, हे मुके तर नव्हेत ना? सासू म्हणाली, अय्यो, पोरी, शब्द तेवढे एन्नोरला ठेवून येतो तो. मग ही पेटी आली घरांत. कोणाकडून तरी ही कॅसेट आणली. मला इंग्लिश येईना, म्हणून सांगायला बसले. दोन घंटे! मी फिल्लम कशाला पाहीन? मी ह्यांच्याकडे पाहत होतें. इतकं बोलणं होतं ह्या मनुष्यांत! सोमवारीं परत हात. म्हटलं, सेरी, रविवार तर आहे."

"आणि मी तोच काढून घेतला," रुचिरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले. हौसेने केलं आणि हात दाखवून अवलक्षण झालं.

"रडूं नको. चांगल्या मनानं केलंस तूं. पण आतां त्यांस वाटतं, हिला माझी गरज उरली नाहीं." शेंगांचे तुकडे पातेल्यात टाकता टाकता त्या थांबल्या. "आणि मी तोंडानं कसं सांगूं, कीं आहे? एवढ्या वर्षांत आमच्यांत तसं कोणी बोललं नाहीं."

रविवार आला. जेवणं झाली. वेंकटरमण पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले. गिरीधरने टीव्हीवर क्रिकेट लावलं होतं, अन्नपूर्णाबाईंनी त्याला हाताने उठवलं आणि म्हणाल्या, "कोतवाल लाव."

"कशाला, अम्मा? अप्पा तर झोपले."

"लाव म्हटलें ना."

तमिळ सुरू झालं. त्या थोडा वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी रिमोट मागितला. तो हातात घेऊन त्यांनी डिस्कचा मेनू उघडला, इंग्रजी अक्षरांच्या ओळींवरून खाली खाली जात नेमकी हवी ती ओळ गाठली आणि बटण दाबलं. गिरीधर तोंड उघडं टाकून बघत होता. रुचिराने त्याच्या पायावर पाय दिला.

कोतवाल इंग्रजी बोलू लागला. अन्नपूर्णाबाईंनी आवाज पार बारीक केला आणि आतल्या खोलीच्या दिशेने हाक मारली.

"अहो! ह्या तमिळांत कांहीं गोडी नाहीं. आणि ह्या इंग्लिशांत मला कांहीं उमजेना. येऊन सांगा ना."

आतली पेपरची सळसळ थांबली. मग वेंकटरमण दारात येऊन उभे राहिले. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, आणि मग बायकोच्या हातातल्या रिमोटकडे. तो तिने अजून खाली ठेवला नव्हता. भाषा कुणी बदलली हे विचारायची गरज नव्हती. हे आता परत फिरले, तर उरलेला जन्म ह्या घरात नुसते हातच राहणार होते.

ते आले आणि आरामखुर्चीत बसले. घसा साफ केला.

"कोतवाल आला," ते म्हणाले. "परगण्याहून आला. रस्त्यानं सात जण मेले म्हणे धुळीनं, हा जगला, कारण ह्याला धूळ दिसलीच नाहीं."

हे पडद्यावर कुठेच नव्हतं. ह्याआधीच्या कुठल्या रविवारीही नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी रिमोट खाली ठेवला आणि पदर सावरला.

घोडा आला. कोतवालाने टोपी काढली, वाकला, ते एक वाक्य बोलला. वेंकटरमण गप्पच. विसरले की काय, म्हणून रुचिराने त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते, कान देऊन, जुन्या यंत्राजवळ उभा राहिलेला माणूस बघतो तसे. अन्नपूर्णाबाई खुदकन हसल्या. घोडा निघून गेला. तेव्हा कुठे ते बोलले.

"साहेब, प्रकृती बहु उतरली तुमची."

पुढे विधवा खोकली. अन्नपूर्णाबाई हसल्या, आणि मग वेंकटरमणांनी सांगितलं. पिस्तूलवाला पाण्याच्या पिंपात पडला. त्या हसल्या, आणि मग ह्यांनी सांगितलं. आजवर ह्या थांबण्याला रुचिरा वय समजत आली होती. ते आधी सांगत नव्हते आणि मागेही पडत नव्हते. बायकोचं हसून होईपर्यंत ते थांबत होते. आज नव्हे, केव्हापासून कोण जाणे. बहुधा गिरीधर सातवीत होता तेव्हापासून.

ती सासूबाईंकडे वळली. त्या पडद्यात रमल्या होत्या. आपलं इंग्रजी नवऱ्याने केव्हाच ओळखलंय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं दोघं एकाच सोफ्याजवळ बसत आली आणि एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही. निदान आता तरी कळू दे, असं वाटून रुचिरा पुढे झुकली.

"अम्मा, अहो, अप्पांना..."

वेंकटरमणांनी सांगणं न थांबवता मान किंचित तिच्याकडे वळवली. खुर्चीच्या हातावरून त्यांचा हात उचलला गेला. तळवा जमिनीकडे, बोटं पसरलेली; आणि तो हात हवेत सावकाश डावीकडून उजवीकडे फिरला.

"काय ग?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"काही नाही, अम्मा," रुचिरा म्हणाली. "कॉफी ठेवू का, विचारत होते."