कातळाकडे पाठ

आमच्या साहेबाला दगडापेक्षा टॅब प्यारा. मी जीप हाणत त्याला डोंगरात न्यायचो, आणि हा बाबा उतरून टॅबच्या काचेत बघत उभा. कातळाकडे पाठ! गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते उगाच नाही.

माझी भाची त्याच्या हाताखाली. बहिणीची थोरली, तीही भूगर्भाचंच शिकलेली. डोंगराचे थर कुठल्या बाजूला कललेत ते दोघं मोजत होते, कारण पायथ्याला बोगद्याच्या मजुरांची वस्ती बांधायची होती. थर आत कललेले असले तर बिनघोर. बाहेर कललेले असले तर कधीतरी डोंगर घसरून वस्तीवर येणार.

साहेबाने टॅब कातळावर टेकवला. "आत! झालं. कर रिपोर्टवर सही."

"सर, माझं होकायंत्र बाहेर दाखवतंय. नुसत्या डोळ्यांनाही दिसतंय. जरा वाकून बघा ना."

"ते डबडं फेकून दे. याला उपग्रह जोडलेत, उपग्रह! सही नसेल करायची तर उद्यापासून घरी बस."

माझं टाळकं सटकलं. "वाका की साहेब. का पोट आडवं येतंय?"

"मामा, गप्प बसा तुम्ही!" भाची माझ्यावरच डाफरली. मग त्याला म्हणाली, "सर, टॅबचं कव्हर काढून एकदा कातळावर टेकवा."

"अगं महागाचं आहे. टॅबला ओरखडा गेला म्हणजे?"

"जाऊ दे गेला तर. माणसं गाडली जाण्यापेक्षा बरं."

चामड्याचं कव्हर, टपकन मिटणारं. मिटतं कशानं, तर कडेच्या लोहचुंबकानं! टॅबच्या पोटातही होकायंत्रच असतं, हे त्याला तिनं शिकवायचं. कुरकुरत कव्हर काढलं, टॅब टेकवला, आणि पडद्यावरचा बाण गर्रकन उलटा फिरला. बाहेर! आठवडाभर हा शहाणा चुंबक लावून डोंगर मोजत होता.

चूक कबूल करेल? नाव नको. घसा खाकरून म्हणतो, "हं. अपडेट आलं वाटतं."

"इथं रेंज कुठाय?" मी म्हणालो.

ऐकूच आलं नाही त्याला. भाचीला सांगतो, "लिही. माझ्या बारीक निरीक्षणावरून, वस्ती ओढ्यापलीकडे हलवावी."

आणि ही लिहायलाही बसली!

"अगं, त्याचं कसलं निरीक्षण?"

"असू दे हो मामा. माणसं पलीकडे झोपतील, एवढं पुरे मला."

तिला पुरे असेल. मला नव्हतं. साहेब मागच्या सीटवर बसला, आणि परतीच्या वाटेवरचा एकही खड्डा मी चुकवला नाही.