माझ्यात न छापलेली टरबुजं

मी पुस्तक बोलतोय. दोन तोंडांनी बोलतो, ते आधीच सांगून ठेवतो. माझ्या प्रत्येक पानावर वर इंग्रजी, जाडजूड, काळंकुळकुळीत, पाय पसरून बसलेलं. खाली तीच गोष्ट स्पॅनिशमध्ये, बारीक, तिरपी, फिकट निळी. वरच्या मजल्यावर घरमालक आणि खाली भाडेकरू, तसं. आणि दोघं मिळून सांगतात काय? 'ही माझी आजी. माझी आजी स्वयंपाक करते. माझी आजी माझ्यावर माया करते.' झालं. पान उलटा.

माझा जन्म एका थंड शहरातला, काचेच्या इमारतीतला. लांबलचक टेबलाभोवती शिकलेली माणसं जमली आणि मेक्सिकन घर कसं असतं ते ठरवायला लागली. एक म्हणाला, आजीला पांढरा अंबाडा हवा. दुसरी म्हणाली, खांद्यावर शाल आणि हातात लाटणं द्या. आजोबांना निवडुंगाखाली बसवून हातात गिटार दिली. बापाला मिशी. आईच्या केसांत कोबीएवढं लाल फूल. मावशीच्या हातात कागदी फुलांचा गुच्छ. मग सगळ्यांना हसायला लावलं, ते अजून हसताहेत. माझ्या सबंध घरात कुणाला साखरेचा आजार नाही, कुणाचा कुणाशी अबोला नाही, अंगणात कुणाची गाडी बंद पडून राहिलेली नाही. असलं घर कुणी पाहिलंय का?

छापायला मला समुद्रापार चीनला धाडलं. ज्यांनी छापलं त्यांना माझ्या दोन्ही भाषा येत नव्हत्या. मला भेटलेल्यांत तीच काय ती समंजस माणसं. त्यांनी माझं कौतुक केलं नाही.

तिथून टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला, वेस्लाकोच्या एका शाळेत आलो. खोक्यातून निघालो तेव्हा कव्हरवर एका मोटारविक्याचा फोटो चिकटवलेला होता. आम्हाला त्याने दान दिलं होतं ना! फोटो माझ्या नावापेक्षा मोठा. त्याने मला उघडून कधी पाहिलं नाही, पण माझ्या शेजारी उभं राहून छायाचित्र मात्र काढून घेतलं.

बालवर्गातल्या प्रत्येक पोराला एकेक प्रत मिळाली. मी यारेत्सीच्या वाट्याला आलो. पुढचा दात हलणारी, बडबडी, नाकात बोट घालणारी पोर. तिने मला दप्तरात केळ्याच्या शेजारी कोंबलं आणि घरी आजीसमोर उपडं केलं.

आजी म्हटल्यावर मी अंबाडा शोधायला लागलो. दिसली डोन्या तोमासा, म्हणजे आपल्याकडच्या तोमासाबाई. तांब्याच्या रंगात रंगवलेले केस, जीन्स, टाचेचे बूट. स्वतःची पिकअप गाडी चालवायची आणि रविवारच्या जुन्या बाजारात मिरच्यांचं लोणचं विकायची. तोर्तिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या, दुकानातून आणायची, जाळावर जरा काळ्या करून 'आत्ताच लाटल्या' म्हणून वाढायची. रिकामी पिशवी शेजारणीच्या कचऱ्याच्या डब्यात.

"ही कोण गं?" तिने माझ्यातल्या आजीवर बोट ठेवलं.

"आजी आहे, ग्वेला," यारेत्सी म्हणाली. तिकडची पोरं आजीला ग्वेला म्हणतात.

"ही? हिच्या घरी कुणी मेलंय का? एवढ्या उन्हाची शाल काय गुंडाळलीय! आणि हा निवडुंगाखाली बसलेला कोण? काटे टोचत नाहीत मेल्याला?"

"तुझ्यासारखी नाहीये का ती?"

"थांब, करते माझ्यासारखी."

तिने कात्री आणली, फोटोंचा डबा आणला, मैद्याची खळ शिजवली. बारशा-लग्नांच्या फोटोंतून तोंडं कापली आणि माझ्या माणसांच्या तोंडांवर चिकटवली. आजीच्या धडावर स्वतःचं. गिटारवाल्या आजोबांच्या धडावर तिच्या दिवंगत नवऱ्याचं, रेनाल्दोचं तोंड आलं. जन्मभर ट्रकांचे ब्रेक दुरुस्त केले बिचाऱ्याने, मेल्यावर गिटार गळ्यात पडली. आईच्या धडावर यारेत्सीची आई हुआनिता. ही वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला जाते. मावशीच्या धडावर धाकटी लेक नेल्दा, यारेत्सीच्याच शाळेतली शिक्षिका. पदवीच्या फोटोतलं तोंड, डोक्यावरची चौकोनी टोपी अर्धी कापलेली.

मग रोज संध्याकाळी वाचन. तोमासा मला मांडीवर घेई, घसा खाकरी, ओळीखालून बोट फिरवी आणि वाची. मी ऐकतच राहिलो. कारण ती जे वाचत होती ते माझ्यात नव्हतंच!

आजोबांच्या पानावर माझं छापील म्हणणं, 'माझे आजोबा गिटार वाजवतात.' ती वाची, "तुझे आजोबा गाडीभर टरबुजं घेऊन निघाले. कालव्याच्या वळणावर गाडीला बसला दणका, फळकूट निसटलं, आणि सगळी टरबुजं बुडुक बुडुक कालव्यात! आजोबा कपाळ बडवत काठावर बसले. तेवढ्यात एक पोरगी पोहत आली, टरबूज काखेत धरून. म्हणाली, 'रडतोस काय रे? सुरी आण!' ती पोरगी कोण?"

"तू!" यारेत्सी ओरडे.

रोज तेच टरबूज, रोज तोच दणका. एखादं 'बुडुक' कमी पडलं तर पोर लगेच टोके, "नीट वाच, ग्वेला!"

कारण सरळ होतं. तोमासाला वाचता येत नव्हतं. एवढीशी पोर सोडली तर ते सगळ्या घराला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. टपाल आलं की तिचा चष्मा सापडत नसे. दवाखान्यात कागद पुढे आला की तिचा गुडघा ठणके आणि सही करायला हुआनिताला जवळ यावं लागे. इतकी वर्षं सगळ्यांनी मिळून तो चष्मा शोधला. त्यातच त्या घराची सगळी माया होती, माझ्या छापील मायेपेक्षा कितीतरी खरी.

ती रीत मोडली नेल्दाने. ऑक्टोबरातला रविवार होता. अंगणात मांस भाजत होतं, तोमासाच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. तोमासाच्या वाचनात टरबुजं कालव्यात पडली तेवढ्यात नेल्दा मागून वाकली आणि हसत म्हणाली, "आमा, यात टरबूज कुठंय? इथे तर लिहिलंय, आजोबा गिटार वाजवतात."

मैत्रिणी आपापल्या ताटांत बघायला लागल्या. इथे तरी शहाणीने गप्प बसावं की नाही? पण शिकलेल्या माणसाला चूक निस्तरायचीही घाई. म्हणाली, "अगं, आमच्या शाळेत मोठ्यांचे वर्ग असतात संध्याकाळी. फुकट आहेत. तुझं नाव घालू का?"

तोमासा उठली. "तुझं नाव शाळेत घालायला मी किती बागांतली फळं तोडली ते विचार आधी. आणि जाताना तुझी चौकोनी टोपी घेऊन जा. इथे डोकी साधी आहेत."

त्याच संध्याकाळी तिने कोंबड्यांच्या खाद्याच्या गोणीवरचा कोंबडा कापला. लाल तुरा, उघडी चोच. नेल्दाच्या तोंडावर खळ थापून तो असा दाबला की माझ्या मागच्या पानावर वळ उठला. तेव्हापासून माझ्यात मावशी म्हणजे फुलांचा झगा घातलेला कोंबडा. नेल्दा घरी यायची थांबली. आणि यारेत्सीला नवाच घोर लागला.

"ग्वेला, नाताळचे तमाल करायला तिया नेल्दा येणार ना?"

"कोंबडे स्वयंपाकघरात येत नाहीत. आले तर पातेल्यात जातात."

नेल्दा त्या पोरीची नुसती तिया, म्हणजे मावशी, नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारी धर्ममाताही होती. तमाल म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले पिठाचे मुटके, त्या पिठाचा पहिला गोळा दोघी मिळून मळायच्या. पोर रोज कोंबड्यावरून बोट फिरवी, आणि मला वाटे, छापताना मला नखं दिली असती तर मीच तो खरवडला असता.

डिसेंबरात शाळेत कुटुंब-वाचनाची संध्याकाळ ठरली. प्रत्येक मुलाच्या घरचं माणूस येणार आणि माझ्यातली पानं मोठ्याने वाचणार. यारेत्सीने बाईंना सांगून टाकलं होतं, "माझी ग्वेला सगळ्या शाळेत भारी वाचते. ती सगळं पुस्तक वाचणार." हुआनिताची पाळी. दुसरं माणूस नाही.

"माझा गुडघा दुखतोय," तोमासा म्हणाली.

"गुडघ्याने नाही वाचायचं, ग्वेला. तोंडाने वाचायचं."

तोमासाने बराच वेळ आरशात पाहिलं. मग लिपस्टिक लावली, ती सुद्धा लढाईला निघाल्यासारखी.

सभागृहात पिझ्झाचा वास. प्रत्येकाच्या हातात माझीच प्रत, जिथे बघावं तिथे मी! एक बाप वरच्या मजल्यावर ठेचकाळला, खालच्या मजल्यावर बरा चालला. एक तरुण आई वर धावली आणि खाली आल्यावर तिची बोबडी वळली. तिच्या आईबापांची भाषा, पण शाळेने ती कधी वाचायला शिकवलीच नव्हती. तीच शाळा आता त्या भाषेचा उत्सव करत होती. मुख्याध्यापक प्रत्येक वाचणाऱ्यासाठी टाळ्या वाजवत होते, लहान बाळ पहिल्यांदा उभं राहिल्यावर वाजवतात तशा. त्यांना स्पॅनिशमधला एकच शब्द यायचा, 'ग्रासियास', म्हणजे आभार, आणि तो ते मिठासारखा सगळ्यावर भुरभुरवत होते.

मग यारेत्सी आजीला हाताला धरून पुढे घेऊन आली. मागे, पिझ्झाच्या टेबलाशी, कागदी बशा वाटत नेल्दा उभी होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तोमासाने मला उघडलं. घसा खाकरला. बोट ओळीखाली ठेवलं. वरून तिचा आवाज खणखणीत, पण माझ्या पानावरचा तिचा अंगठा घामाने भिजलेला. ते मला एकट्याला कळत होतं.

"तुझे आजोबा गाडीभर टरबुजं घेऊन निघाले..."

सभागृहभर पानं फडफडली. लोक मागे गेले, पुढे गेले. मुख्याध्यापक आपली प्रत डोळ्यांजवळ नेऊन खालच्या मजल्यावर टरबूज शोधायला लागले. पुढच्या रांगेत लाल चष्मा लावलेली एक आई होती, कुणाचंही चुकलं तर जिला जेवण गोड लागतं अशी. तिने हात वर केला.

"माफ करा हं, डोन्या. माझ्या पुस्तकात टरबूज नाही."

तोमासाचं बोट थांबलं. यारेत्सीने आधी त्या चष्मेवालीकडे, मग आजीकडे पाहिलं. अंगठ्याखाली माझी शाई विरघळायला लागली. एवढ्या सगळ्या प्रती हातात धरून लोक बसलेले, आणि प्रत्येक प्रत तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार. माझी सख्खी भावंडं, पण छापील माणसाला लाज कसली?

"तुमच्या प्रतीत ते छापायचं राहिलं असेल," मागून आवाज आला. नेल्दा. हातात बशांचा ढीग, मान ताठ, शिक्षिकेचा आवाज. "आमच्या घरच्या प्रतीत आहे. आमा, तू वाच पुढे."

लाल चष्म्याचा हात खाली आला. शिक्षिकाच सांगतेय म्हटल्यावर काय बोलणार!

'वाच' म्हणाली ती. सगळ्यांसमोर. तोमासाचा अंगठा माझ्यावरून एकदा पुसला गेला आणि मग असं वाचन झालं म्हणून सांगू, पोरं जमिनीवर सरकत सरकत तिच्या बुटांपर्यंत आली. 'बुडुक बुडुक' सगळं सभागृह म्हणत होतं. मुख्याध्यापकसुद्धा. 'ग्रासियास'नंतर त्यांचा तो दुसरा शब्द.

मग मावशीचं पान आलं.

"आणि ही माझी तिया नेल्दा!" यारेत्सीने मला उंच धरून दाखवलं. फुलांचा झगा, हातात गुच्छ, वर चोच. लोक हसून हसून खुर्च्यांवर कलंडले. नेल्दाचे कान त्या तुऱ्याइतके लाल झाले.

तोमासाने हसणं ओसरू दिलं. मग ओळीखाली बोट ठेवलं. "ही मावशी फार हुशार. पण उजाडायच्या आधीच आरवायची. लोक दचकायचे. म्हणून आईने रागाने तिचा कोंबडा केला." बोट एक ओळ खाली आलं. "आई पण काही कमी नव्हती."

"मग पुन्हा माणूस कधी होते ती?" मागून नेल्दाने विचारलं. "लिहिलंय का तिथे, आमा?"

"लिहिलंय ना." तोमासाने मान वर न करता वाचलं. "शनिवारी पहाटे पीठ मळायला आली की होते. चोच घरी ठेवून."

शनिवारी ती आली. यारेत्सीने पिठाने बरबटलेल्या हातांनी मला टेबलावर आणलं आणि तिघींनी मिळून गरम चमच्याने कोंबडा खरवडला. तोमासाची खळ ती! चोच सुटली, मान सुटली, तुरा काही सुटला नाही. नेल्दाच्या अर्ध्या चौकोनी टोपीवर तो आजही आहे. "राहू दे," तोमासा म्हणाली. "लक्षात राहील." मग माझ्यातल्या आजीकडे, पांढऱ्या अंबाड्यावर चिकटवलेल्या स्वतःच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मलाही एक तुरा लाव हवा तर." नेल्दाने लावला नाही. मी असतो तर लावला असता.

आता माझी शिवण सैल झालीय. मैद्यापायी मुंग्यांनी बापाची मिशी खाल्ली. मोटारविक्यावर तमालाचं लाल तूप सांडलं, त्याचं नुसतं दातांचं हसू उरलंय. दुकानात माझी भावंडं अजून कोरी, स्वच्छ, दोन्ही भाषांत तेच तेच बोलत उभी आहेत. तुमच्या घरी त्यांतलं एखादं आलंच, तर एवढं करा. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कात्री घ्या.

यारेत्सी दुसरीत गेलीय. वरचा मजला वाचते, खालचाही वाचते. परवा ती मला एकटीच घेऊन बसली आणि ओठ हलवत आजोबांचं पान वाचलं. गिटार. पुन्हा वाचलं. मग खालचं निळं वाचलं. तिथेही गिटार. तिचा चेहरा मी जवळून पाहिला, आणि छापला गेल्याचं दुःख मला त्या दिवशी झालं.

संध्याकाळी तोमासाने मला मांडीवर घेतलं. टरबुजं कालव्यात पडली. पोर आज 'तू!' ओरडली नाही. तोमासाचं बोट थांबलं.

"का गं? बरोबर वाचतेय ना मी?"

यारेत्सीने माझ्यात नीट वाकून पाहिलं, ओळीवरून बोट फिरवलं, अगदी आजीसारखं.

"एक 'बुडुक' राहिलं, ग्वेला," ती म्हणाली. "इथे दोन लिहिलेत."