जिराफाचं गणित

पुढच्या वर्षाचे विषय मुलं घरी शांतपणे बसून, आपली आवड ओळखून, भविष्याचा नीट विचार करून निवडतात, असं शिक्षकांना वाटतं. शिक्षकांना असं बरंच काही वाटत असतं. प्रत्यक्षात मुलं टोळक्याने बसतात आणि कुठल्या तासाला कुणाच्या शेजारी बसायला मिळेल हे आधी ठरवतात. भौतिक, रसायन वगैरे मंडळी मागाहून येतात.

मुंगीच्या घरी त्या दुपारी असंच टोळकं जमलं होतं. टोळकं म्हणजे तिघंच, पण आवाज दहा जणांचा. पुढे मुंगीच्या आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान आणि मागे राहायच्या खोल्या, असं ते घर. मधल्या खोलीतल्या कापड बेतायच्या टेबलावरच्या पँटी, अस्तरं आणि तुटक्या झिपा आईने कुरकुरत एका बाजूला सारून दिल्या होत्या. उरलेल्या जागेत शाळेने दिलेला वेळापत्रकाचा मोठा कागद पसरला होता. त्याचा एक कोपरा कात्रीखाली होता आणि दुसरा इस्त्रीखाली. इस्त्री गार आहे ना, हे आई दोनदा येऊन बघून गेली होती.

मुंगी बारकीशी आणि सदा लगबगीत, म्हणून मुंगी. जिराफ उंच होता. दुकानाच्या दारातून येताना त्याला वाकावं लागायचं, आणि वाकूनही डोकं आपटायचंच. तिसरी आजीबाई. वयाने यांच्याएवढीच, पण बोलणं असं की चार सुनांना वळण लावून आली आहे.

या तिघांनी गेली दोन वर्षं शास्त्र आणि गणित वाटून घेतलं होतं. वाटणी अगदी चोख. गणित जिराफाचं, भौतिक आजीबाईचं, रसायन मुंगीचं. ज्याचा विषय त्याने घरचा अभ्यास सोडवायचा आणि बाकीच्या दोघांनी तो आपापल्या अक्षरात उतरवायचा. परीक्षा जवळ आली की ज्याने त्याने आपला विषय इतरांना समजावून द्यायचा. आजीबाई छान समजवायची. मुंगीही बरं समजवायची. जिराफ मात्र, "हे असं होतं. दिसतंय की!" एवढंच म्हणायचा आणि बिस्किटांकडे हात न्यायचा.

मुंगीला ते कधीच दिसलं नाही. पण तिला देवाने एक देणगी दिली होती. डोळ्यांखालून दोनदा गेलेलं ती विसरत नसे. तेव्हा तिने सरळ जिराफाची गणितं पाठ केली. पायरीमागून पायरी, सगळीच्या सगळी. गणिताच्या बाई परीक्षेत वहीतलीच गणितं देत, फार तर आकडे बदलत. मुंगीने आकडे बदलून घोकलेलं स्वच्छ अक्षरात उतरवलं आणि भिंतीवर जेव्हा निकाल लागला, तेव्हा तिचा आकडा जिराफाच्या वर होता. पुढच्या परीक्षेतही तसंच झालं. उत्तरपत्रिका परत देण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे कुणाचं काय चुकलं हे कळायला मार्ग नव्हता. "तुझ्या खाडाखोडीचे मार्क गेले," असं आजीबाईने जिराफाला ठणकावलं आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी दोन प्रकारची गणितं होती. साधं आणि वरचं. वरच्या गणितात बाई ज्याचं नाव देतील त्यालाच जागा, आणि ते घेतल्याशिवाय पूल बांधायच्या शिक्षणाला दार उघडत नव्हतं. मुंगीला लहानपणापासून पूल बांधायचे होते. बाईंनी तिचं नाव दिलं होतं. शिवाय बाजारात आई भेटली तेव्हा तिचा हात धरून, "पोरीला फार पुढे जाऊ द्या," असंही म्हणाल्या होत्या. त्या दिवसापासून दुकानात झिप बसवायला आलेलं गिऱ्हाईक पुलांची माहिती घेतल्याशिवाय बाहेर पडत नसे.

"सकाळचा दुसरा तास, वरचं गणित," मुंगीने चौकोनात लिहिलं. "त्यानंतर भौतिक. आजीबाई, तूही इथेच. जिराफ, तुझंही गणित याच तासाला टाकते."

"नको टाकू," जिराफ म्हणाला.

"का? दुपारचा तास घेतोयस? दुपारी तू झोपतोस."

"मी गणित घेत नाहीये."

मुंगी हसली. जिराफ हसला नाही.

"बाईंनी माझं नावच दिलं नाही," तो म्हणाला. "आणि साधं घेऊन तरी काय करायचंय? मी प्राणीशास्त्र घेतोय."

"जिराफ प्राणीशास्त्र घेणार!" आजीबाईने कपाळावर हात मारला. "घरचंच कार्य म्हणायचं."

मुंगीच्या पायाखालची जमीन सरकली. जिराफाशिवाय गणित ही गोष्ट तिच्या कल्पनेतच कधी आली नव्हती. पूल, कॉलेज, आईची बढाई, सगळं जिराफाच्या वहीवर उभं होतं, आणि वहीच प्राणीशास्त्राला चालली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "मग माझं गणित कोण करणार?"

पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं.

"तुझं?" जिराफाला खरंच कळलं नाही. "तुला कशाला कुणी लागतंय? अगं, मी तासन्‌तास डोकं फोडतो, तू नुसती वही बघतेस आणि माझ्यापेक्षा जास्त मिळवतेस. दोन्ही वेळा! म्हणजे डोकं तुझं. मी आपला ओझ्याचा बैल. बाबांनाही मी तेच सांगितलं, की मला गणित येत नाही."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, प्रत्येकालाच यायला पाहिजे असं थोडंच आहे." जिराफाने एक झिप उचलली आणि उगाच वरखाली करत बसला. "चिडले असते तर बरं वाटलं असतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मुंगीलाही ठाऊक होतं. गप्प बसली असती तर जागा तिची होती, आईची मान ताठ होती, आणि पुढचं पुढे बघता आलं असतं. तिने गप्प बसायचा प्रयत्न केलाही. मग तिला वाटलं, याला कसंही करून गणिताला ओढावं म्हणजे कुणालाच काही सांगायला नको.

"वेड्यासारखं करू नकोस," ती म्हणाली. "मी बाईंना सांगते तुझं नाव घ्यायला. तू गणित घेच."

"एका अटीवर," जिराफाला आता थोडी गंमत वाटायला लागली. त्याने आईचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि टेबलाच्या लाकडावरच एक गणित लिहिलं. "हे मला सोडवून दाखव. तुझी पद्धत तरी बघू दे एकदा. मग विचार करतो."

मुंगीने गणिताकडे पाहिलं. गणिताने मुंगीकडे पाहिलं. दोघांची ओळख नव्हती.

"कितव्या धड्यातलं आहे?" तिने विचारलं.

"धड्यातलं नाही. आत्ता सुचलं."

आत्ता सुचलं! गणित असं सुचतं? मुंगीने खडू हातात घेतला. सुरुवात कुठून करतात हेही तिला कळेना. खडूचा भुगा तिच्या बोटांना लागत राहिला आणि टेबलावर एक रेघही उमटली नाही.

"नाटक पुरे," आजीबाई म्हणाली. मग मुंगीचा चेहरा पाहून ती जवळ सरकली.

"मला येत नाही," मुंगी म्हणाली. "मला कधीच येत नव्हतं. मी तुझी गणितं पाठ करते."

"पाठ?" जिराफ उठून उभा राहिला. "कविता पाठ करतात. गणित कसं पाठ करणार?"

मग मुंगीने डोळे मिटले आणि त्याचं एक लांबलचक गणित तोंडाने म्हणून दाखवलं. जिराफाची एक खोड होती. कुठलंही गणित तो आधी आडवाटेने सुरू करायचा, तिथे अडकला की मधोमध 'असो' असं लिहायचा आणि सरळ वाट धरायचा. मुंगीने आडवाट म्हटली. मग 'असो' म्हटलं. मग सरळ वाट म्हटली.

"तू 'असो' पण लिहितेस?" जिराफाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. "परीक्षेत?"

"मला काय माहीत त्यातलं काय गाळायचं!"

बरोबरच होतं. काय गाळायचं हे कळायलाही गणित यावं लागतं. जिराफ मटकन खाली बसला. एरवी या बसण्यावर आजीबाईने चार टोमणे मारले असते. आज तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दारात आई उभी होती. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. त्या तिने एकेक करून काढल्या आणि टाचण्यांच्या उशीला टोचल्या. तेवढ्या वेळात मुंगीचा जीव अर्धा झाला.

"म्हणजे पूल नाही?" आईने विचारलं.

"माहीत नाही गं आई."

"मी अख्ख्या गल्लीला सांगून बसले." आईचा आवाज चिडका नव्हता, नुसता हरवलेला होता. "दवाखान्यातल्या नर्सबाईंना तर कालच सांगितलं." ती दुकानात परतली आणि मशीन सुरू झालं. पुन्हा थांबलं. "उद्या जाऊन बाईंना खरं ते सांग," ती तिथूनच म्हणाली. "जागा जाते तर जाऊ दे. आणि टेबलावरचा तो खडू पुसा, कापडाला लागेल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिघं शिक्षकांच्या खोलीपाशी गेली. आजीबाई दारात थांबली. धीर द्यायला आले आहे, असं तिचं म्हणणं होतं, पण उंबरठा काही ती ओलांडत नव्हती. आत गणिताच्या बाई केळं सोलत होत्या. शेजारच्या टेबलावर भूगोलाचे सर पेपर वाचत होते. मुंगीने रात्रभर घोकलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. गणित मला येत नाही, सगळं याचं आहे, मी पाठ करते, माझं नाव काढून टाका. पाठांतर उत्तम होतं, एक शब्द चुकला नाही.

बाई आधी हसल्या. परीक्षेची भीती घेतलेली मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मग त्यांनी मुंगीच्या मागे उभ्या असलेल्या जिराफाकडे पाहिलं आणि केळं खाली ठेवलं.

"'असो' कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"याचं."

बाईंनी चष्मा काढला. चेहरा एकदम उतरला होता. भूगोलाच्या सरांचं पानही उलटायचं थांबलं.

"दोन्ही वेळा तुमच्या उत्तरपत्रिका मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या," बाई सावकाश म्हणाल्या. "पायरीला पायरी. तीच आडवाट, तोच 'असो'. तुझं स्वच्छ, याचं खाडाखोड केलेलं. मला वाटलं, पोरगी विचार करते आणि हा तिचं बघून उतरवतो. म्हणून मी याचे मार्क कापले. बोलले नाही, म्हटलं वाढत्या वयाचा मुलगा आहे, चारचौघांत लाज वाटेल."

मुंगीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. घरून निघताना तिने जे जाणार होतं ते सगळं मनात मोजून घेतलं होतं. जागा, पूल, आईची मान. दुसऱ्याचं काही आपण आधीच घेऊन बसलो आहोत, हे त्या मोजणीत कुठेच नव्हतं. त्याचं उतरवलं तिने, आणि चोर ठरला तो. तेही त्याला न सांगता, न विचारता, दोन वेळा. आता जिराफ ओरडेल म्हणून ती वळली. त्याने ओरडावं असंच तिला वाटत होतं. चांगलं छत हलेल इतकं ओरडावं, बाईंवर, तिच्यावर, दोघींवर.

जिराफ खाली मान घालून उभा होता. एवढा उंच मुलगा, पण त्या क्षणी तो मुंगीएवढाच दिसत होता.

"तू का बोलला नाहीस रे?" बाईंनी विचारलं. "मार्क कमी का आले, एकदा तरी येऊन विचारायचंस."

"मलाही तसंच वाटायला लागलं होतं, बाई," जिराफ म्हणाला.

"कसं?"

"की हिचं बघूनच मला येतं."

बाईंनी त्याचं नाव लिहायला पेन उचललं होतं. ते हातात तसंच राहिलं. आणि मुंगी शिक्षकांच्या खोलीच्या मधोमध, भूगोलाच्या सरांसमोर, भोकाड पसरून रडायला लागली. आजीबाई आत धावली, पण काही केल्या मुंगी थांबेना. वरच्या गणितातली आपली जागा गेली, हे तिला थेट संध्याकाळी घरी गेल्यावर, आईने विचारलं तेव्हा आठवलं.